मोडलंय की नाही? फ्रॅक्चर, ट्रॉमा आणि इमेजिंग : रेडिओग्राफीच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

पोझिशनिंगच्या तक्त्यात लिहिलेलं असतं : तळहात पालथा, बोटं सरळ, किरण तिसऱ्या मेटाकार्पलच्या (तळहातातल्या लांब हाडाच्या) डोक्यावर. आणि समोर बसलेल्या माणसाचा तळहात पालथा होतच नाही, कारण त्याचं मनगट मोडलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं मला जे विचारतात, ते बहुतेक असंच असतं : तक्ता पाठ आहे, पण टेबलावरचा माणूस तक्त्यात बसत नाही. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काहींना दोन ओळी पुरतात, काहींना नाही.

"क्रॅक आहे" आणि "फ्रॅक्चर आहे" यांत फरक काय?

काहीच नाही. "फ्रॅक्चर नाही ना, नुसती क्रॅक आहे ना?" असं रुग्ण सुटकेच्या सुरात विचारतात, पण हाडाची सलगता तुटली की ते फ्रॅक्चर. मग ती केसाएवढी रेघ असो की चार तुकडे. फरक असतो तो तुकडे जागेवर आहेत की सरकलेत, सांध्यापर्यंत भेग गेली आहे का, आणि कातडी फाटून हाड बाहेरच्या हवेशी जोडलं गेलंय का, यांत. कातडी फाटली असेल तर ते उघडं फ्रॅक्चर. जखम अगदी सुईच्या टोकाएवढी असली तरी जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून ड्रेसिंग उचकटून बघायचं नाही. ड्रेसिंगवरूनच एक्स-रे काढायचा.

निदान डॉक्टर करणार. मग फ्रॅक्चरचे प्रकार आम्ही का शिकायचे?

कारण फिल्मवर काय येणार आणि काय राहून जाणार, हे तुमच्या हातात असतं. अब्राहम कॉलीस यांनी मनगटाजवळ मोडणाऱ्या रेडियसचं (पुढच्या हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाचं) वर्णन १८१४ साली केलं, तेही नुसत्या हाताने चाचपून. राँटगेनना एक्स-रे सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, म्हणजे त्यानंतर ८१ वर्षांनी. कॉलीसना हाड दिसत नव्हतं, पण ते पडलेल्या माणसाकडे नीट बघत होते. तळहातावर पडलेला, मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलेलं, म्हणजे दूरचा, बोटांकडचा तुकडा हाताच्या पाठीच्या बाजूला गेलेला असणार. हे तुम्हाला ठाऊक असेल, तर लॅटरल (बाजूने काढलेला एक्स-रे) नीट आलं नाही तेव्हा "चालेल" म्हणून पुढे जाणार नाही, कारण हा सरकलेपणा लॅटरलमध्येच दिसतो.

दुखापत कशी झाली ते विचारणं हासुद्धा पोझिशनिंगचाच भाग आहे. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाच्या टाचेचा एक्स-रे काढताना "कंबर दुखतेय का?" असं विचारा. टाचेतून वर गेलेला धक्का कमरेच्या मणक्यालाही चेपतो. आणि दुसरी टाच? तीही विचारा.

दोन व्ह्यू कशाला? एकात फ्रॅक्चर दिसलं तरी दुसरा काढायचा?

हो, तरीही. विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त कंटाळा येतो तो याच नियमाचा, म्हणून इथे थोडं थांबू.

एक्स-रे म्हणजे सावली. एखादी काठी दिव्यासमोर उभी धरा, भिंतीवर काठी दिसते. तीच दिव्याकडे टोक करून धरा, भिंतीवर नुसता ठिपका पडतो. मोडलेल्या हाडाचे दोन तुकडे एकामागे एक सरकले असतील, तर समोरच्या व्ह्यूमध्ये ते एकावर एक पडून अखंड हाडासारखे दिसू शकतात. नव्वद अंशांत फिरून घेतलेल्या दुसऱ्या व्ह्यूत मात्र त्यांना लपायला जागा राहत नाही.

याचं सगळ्यात फसवं उदाहरण म्हणजे मागच्या बाजूला निखळलेला खांदा. खांदा बहुतेक वेळा पुढे निखळतो आणि ते ए.पी.मध्ये (समोरून मागे किरण सोडून काढलेल्या व्ह्यूत) लगेच कळतं. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर मात्र तो मागे निखळू शकतो. तेव्हा ए.पी.मध्ये हाडाचं डोकं जवळजवळ जागेवरच दिसतं, फक्त ते आत वळल्यामुळे विजेच्या बल्बसारखं गोल होतं. पाहणाऱ्याने घाई केली की "नॉर्मल" लिहून मोकळा. ॲक्सियल (काखेच्या दिशेने काढलेला) किंवा स्कॅप्युलर वाय (खांद्याचा फरा बाजूने दाखवणारा) व्ह्यू असेल तर शंकाच उरत नाही. "हात उचलत नाही म्हणून ॲक्सियल काढला नाही" असं कोणी म्हटलं की मी विचारते, मग वाय का नाही काढला? त्याला हात उचलावा लागत नाही.

दोन व्ह्यूंच्या जोडीला दोन सांधे येतात. लांब हाडाच्या एक्स-रेत वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हवेत. अल्ना (पुढच्या हातातलं करंगळीकडचं हाड) मधेच मोडली आणि रेडियसचं डोकं कोपराशी निखळलं, तर तो मॉन्टेजिया. रेडियस मोडली आणि मनगटाजवळ अल्ना निखळली, तर तो गॅलियाझी. कॉलिमेशन, म्हणजे किरणाची चौकट, फ्रॅक्चरवरच घट्ट आवळलं, तर यातला निम्मा आजार फ्रेमच्या बाहेर राहतो. घोट्याचंही तसंच. आतल्या बाजूला सूज, सांधा रुंदावलेला, पण फिब्युलाचं (पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाचं) खालचं टोक धड दिसतंय, तर फिब्युला वर गुडघ्याजवळ मोडलेली असू शकते. त्याला मेझोनव्ह म्हणतात. रुग्ण घोटा दाखवतो, गुडघ्याबद्दल बोलतच नाही. पोटरीच्या वरच्या टोकाला बोट लावून दुखतंय का विचारायला पाच सेकंद लागतात.

कड्यांचं तर्कशास्त्रही हेच. काचेची बांगडी एकाच जागी फुटत नाही. ओटीपोटाचं कडं, किंवा पुढच्या हाताची दोन हाडं आणि त्यांचे दोन सांधे मिळून होणारं कडं, एका जागी तुटलेलं दिसलं की दुसरी जागा शोधायची. ती हाडात नसेल तर सांध्यात असते.

रुग्णाला हात किंवा पाय वळवता येत नाही. मग लॅटरल कसा काढू?

रुग्ण वळत नसेल तर ट्यूब वळवा. किरण, हाड आणि डिटेक्टर यांचं एकमेकांशी नातं बरोबर असलं, की रुग्ण उताणा आहे, खुर्चीत आहे की स्ट्रेचरवर आहे, याने फरक पडत नाही. शिकाऊ रेडिओग्राफर मोडलेल्या मनगटाला वळवायला बघतो. अनुभवी माणूस डिटेक्टर मनगटाच्या कडेला उभा करतो आणि किरण आडवा सोडतो.

आडव्या किरणाचा आणखी एक फायदा आहे, तो गुडघ्यात कळतो. सांध्याच्या आत फ्रॅक्चर झालं, तर मज्जेतली चरबी आणि रक्त दोन्ही सांध्यात उतरतात. रुग्ण उताणा राहिला की काही मिनिटांत चरबी रक्तावर तवंगासारखी तरंगते. आडव्या किरणाने काढलेल्या लॅटरलमध्ये पॅटेलाच्या (गुडघ्याच्या वाटीच्या) वरच्या पिशवीत एक सरळ आडवी रेघ दिसते. टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) वरच्या पठारावरची बारीक भेग कुठेच दिसत नसली, तरी ही रेघ सांगते की हाड आतून फुटलंय. तोच गुडघा कुशीवर वळवून उभ्या किरणाने काढलात तर रेघ गायब. म्हणून ट्रॉमातला गुडघा लॅटरल आडव्या किरणानेच काढायचा, रुग्ण वळू शकत असला तरीही.

खुब्याचंही असंच. मोडलेल्या खुब्याचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला असेल, तर फ्रॉग लॅटरलचा (गुडघा वाकवून मांडी बाहेर पाडून काढायच्या व्ह्यूचा) विचारसुद्धा करू नका. चांगला पाय उचलून धरायचा आणि दुखऱ्या खुब्यातून आडवा किरण पाठवायचा.

मोडलेल्या हाडाचं वर्णन कसं करायचं? मौखिक परीक्षेत गोंधळ होतो.

क्रम एकदा बसवून टाका : कोणतं हाड आणि त्याचा कोणता भाग, भेगेचा आकार, तुकडे सरकलेत का, वाकलेत का, आखूड झालंय का, फिरलंय का, सांधा सामील आहे का.

भेग आडवी असेल तर बहुधा हाड थेट मारानं किंवा वाकून मोडलेलं असतं. नागमोडी वळसा घेत गेलेली असेल तर पिरगळून. तीनपेक्षा कमी तुकडे असतील तर चुरा म्हणू नका. लिगामेंट किंवा टेंडनने ओढून काढलेला बारीक तुकडा म्हणजे अव्हल्शन. आणि सगळ्यांचा हमखास चुकणारा नियम : सरकणं नेहमी दूरच्या तुकड्याचं सांगायचं. म्हणजे कॉलीसमध्ये "दूरचा तुकडा मागे गेला", "जवळचा पुढे आला" नाही.

एक्स-रे स्वच्छ आहे, पण रुग्ण हात लावू देत नाही. मी काय चुकलो?

कदाचित काहीच नाही. कदाचित व्ह्यू. मनगटातलं स्कॅफॉइड हे याचं नेहमीचं उदाहरण. अंगठा ताठ केला की मनगटाशी एक खळगा पडतो. तो दाबल्यावर रुग्ण कळवळला तर फॉर्मवर "मनगट" लिहिलेलं असो, स्कॅफॉइडचे व्ह्यू लागतील का हे डॉक्टरांना विचारा. त्यात मनगट करंगळीकडे झुकवतात, म्हणजे एरवी तिरकं पडणारं हे हाड लांबीने उलगडतं.

तेवढं करूनही पहिल्या दिवशी भेग दिसेलच असं नाही. तुकडे जागेवर असले तर भेग इतकी बारीक असते की तिच्यातून किरण वेगळा जातच नाही. दहा-चौदा दिवसांत भेगेच्या कडांवरचं हाड विरघळतं, भेग रुंदावते आणि मग दिसते. म्हणून "दोन आठवड्यांनी पुन्हा" असं लिहून येतं. तुमची पहिली फिल्म चुकली म्हणून नव्हे. एवढी काळजी घेण्याचं कारणही ठाऊक असू द्या : स्कॅफॉइडचा रक्तपुरवठा दूरच्या टोकाकडून उलटा जवळच्या टोकाकडे येतो. त्याच्या कमरेत, म्हणजे मधल्या बारीक भागात मोडलं की जवळचा तुकडा रक्ताविना मरू शकतो.

म्हाताऱ्या माणसाचा खुबाही असाच फसवतो. पडून पाय टाकता येत नाही, एक्स-रेत काही नाही, तर एमआरआय करावं लागतं, कारण त्यात मज्जेतली सूज लगेच दिसते. धावपटूंच्या आणि सैनिकांच्या नडगीत किंवा पायाच्या हाडांत होणारं ताणाचं फ्रॅक्चरही सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही.

पायाच्या मध्यभागी असलेल्या लिसफ्रँक सांध्याची दुखापत झोपून काढलेल्या एक्स-रेत सहज निसटते. त्यासाठी रुग्ण उभा राहू शकत असेल, तर वजन टाकून काढलेला व्ह्यू मागवतात. दुसऱ्या मेटाटार्सलची (पंजाच्या लांब हाडाची) आतली कड आणि त्यामागच्या मधल्या क्युनिफॉर्म हाडाची आतली कड एका रेषेत यायला हवी. ती मिलिमीटरभरही सरकली असेल, तर वरिष्ठांना दाखवा.

कोपरात "फॅट पॅड" म्हणतात ते काय?

कोपराच्या सांध्यात पुढे आणि मागे चरबीच्या गाद्या असतात. पुढची गादी निरोगी माणसातही बारीक काळसर पट्टीसारखी दिसू शकते. मागची एका खोल खाचेत दडलेली असते आणि बरोबर नव्वद अंशांत वाकवलेल्या लॅटरलमध्ये ती दिसायला नको. सांध्यात रक्त भरलं की ती बाहेर ढकलली जाते. मागची दिसली, किंवा पुढची शिडासारखी फुगली, की हाड दिसो न दिसो, फ्रॅक्चर आहे असंच धरून चालतात. मोठ्या माणसात बहुधा रेडियसचं डोकं, लहान मुलात सुप्राकॉन्डायलर, म्हणजे कोपराच्या लगेच वर मोडलेलं दंडाचं हाड.

यात एक अट मात्र लपलेली आहे : लॅटरल खरं लॅटरल हवं. कोपर सरळ ठेवलेलं असेल, तर ओलेक्रॅनन (कोपराचं मागचं टोक) त्या खाचेत शिरून निरोगी गादीलाही बाहेर ढकलतो आणि तुम्ही नसलेलं फ्रॅक्चर दाखवता. खांदा, कोपर आणि मनगट एकाच पातळीत आणा. बुटक्या स्टुलावर बसवलं की हे आपोआप जमतं.

लहान मुलांच्या एक्स-रेत सगळीकडे भेगाच भेगा दिसतात. खरी कोणती?

वाढीची चकती कूर्चेची असते, म्हणून ती काळी रेघ होऊन दिसते. ती ठरलेल्या जागी असते, तिच्या कडा गुळगुळीत आणि पांढऱ्या असतात. ताज्या भेगेच्या कडा तीक्ष्ण असतात आणि त्यांना ती पांढरी किनार नसते.

चकतीतून जाणाऱ्या फ्रॅक्चरची विभागणी सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली मांडली. इंग्रजीतलं अक्षरांचं सूत्र पाठ करण्यापेक्षा मी विद्यार्थ्यांना पाच शब्द देते : सरळ, वर, खाली, आरपार, चिरड. पहिल्या प्रकारात भेग चकतीतूनच सरळ जाते. दुसऱ्यात ती वर मेटाफिसिसमध्ये, म्हणजे हाडाच्या दांड्याकडे चढते, आणि हाच सगळ्यात जास्त आढळतो. तिसऱ्यात खाली एपिफिसिसमध्ये, म्हणजे सांध्याकडे उतरते. चौथ्यात दोन्हींना छेदून जाते. पाचव्यात चकती चिरडते, आणि ते बहुतेक वेळा मागाहून वाढ खुंटल्यावरच कळतं. सूत्र हाड चकतीच्या वर आहे असं धरून बांधलंय. नडगीच्या वरच्या टोकाला लावताना चित्र उलटं करायला विसरू नका.

मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. एक बाजू तुटते, दुसरी नुसती वाकते. त्याचं ग्रीनस्टिक हे नाव त्यावरूनच पडलं. याहून साधा प्रकार म्हणजे हाडाच्या कडेला फुगवटा येणं, टॉरस किंवा बकल. ओळखायला अवघड, कारण भेग नसतेच. कडेवरून नजर फिरवताना गुळगुळीत वक्राला अचानक कोन पडला, की तोच.

कोपरातल्या अस्थिकेंद्रांचा क्रम पाठच हवा : कॅपिटेलम, रेडियसचं डोकं, आतला एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रॅनन, बाहेरचा एपिकॉन्डाइल. वयं ढोबळमानाने १, ३, ५, ७, ९, ११. वयं पुढेमागे होतात, क्रम फारसा बदलत नाही. म्हणूनच तो कामाचा : ट्रॉक्लिया दिसतंय आणि आतला एपिकॉन्डाइल जागेवर नाही, तर तो तुटून सांध्यात अडकलेला असू शकतो, आणि जे ट्रॉक्लिया वाटतंय तेच तो असेल.

दुसऱ्या बाजूचा तुलनेसाठी एक्स-रे सरसकट काढू नका. निष्कारण डोस आहे. डॉक्टरांनी मागितला तर गोष्ट वेगळी.

फ्रॅक्चरसारखं दिसणारं, पण नसलेलं?

यादी मोठी आहे, तीन लक्षात ठेवा. मुलांच्या पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी वाढीची रेघ हाडाच्या लांबीला समांतर असते, फ्रॅक्चर मात्र आडवं असतं. पॅटेला काही जणांत जन्मतः दोन भागांत असते, आणि सुटा तुकडा बहुतेक वेळा वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात असतो. तिसरं, हाडात शिरणाऱ्या रक्तवाहिनीची नळी. ती तिरकी जाते, एकाच कडेला छेदते आणि तिला बारीक पांढरी किनार असते.

केव्ही आणि एमएएस यांतलं नेमकं कोण काय करतं?

केव्ही (ट्यूबचं व्होल्टेज) किरणांची भेदकता ठरवतं, एमएएस (करंट गुणिले वेळ) त्यांची संख्या. केव्ही साधारण १५ टक्क्यांनी वाढवलं की डिटेक्टरवरचा परिणाम एमएएस दुप्पट केल्याएवढा होतो, पण कॉन्ट्रास्ट उतरतो. हात, बोटं ५०-६० केव्हीच्या आसपास, ओटीपोट ७५-८० च्या आसपास. तुमच्या यंत्राचा तक्ता शेवटचा शब्द. अंतर दुप्पट केलं की तीव्रता एक चतुर्थांश होते, हा व्यस्त वर्गाचा नियम परीक्षेपेक्षा मोबाइल एक्स-रे काढताना जास्त उपयोगी पडतो : शक्य तितकं दूर उभं राहा.

डिजिटलमध्ये एक सापळा आहे. फिल्मच्या काळात जास्त एक्सपोजर दिलं की फिल्म काळी व्हायची आणि लाज वाटायची. आता संगणक चित्र सावरून देतो. कमी दिलं तर दाणे दिसतात, जास्त दिलं तर चित्र उलट सुरेखच येतं. म्हणून हळूहळू सगळे जास्त द्यायला लागतात. एक्सपोजर इंडेक्सचा आकडा दर वेळी बघायची सवय लावा.

मार्कर नंतर संगणकावर टाकला तर काय बिघडतं?

शिकत असताना मी एकदा उजवा-डावा मार्कर उलटा लावला. वरिष्ठांनी हसत पकडलं, म्हणून निभावलं. मार्कर शिशाचा, एक्सपोजरच्या वेळीच, कॉलिमेशनच्या आत. नंतर संगणकावर टाकलेलं अक्षर तुमच्या आठवणीचा पुरावा असतं, रुग्णाच्या बाजूचा नाही.

मानेच्या एक्स-रेत सगळे सात मणके आले. पुरे का?

नाही. सातव्या मणक्याचा छातीच्या पहिल्या मणक्याशी असलेला जोड दिसायला हवा, कारण मोठ्या माणसात तिथेच दुखापत लपते आणि तिथेच खांदे आड येतात. खांदे खाली घेऊन जमलं नाही, तर स्विमर व्ह्यू, म्हणजे एक हात डोक्यावर घेऊन काढलेला. कॉलर तुम्ही काढायची नाही, कोणी सांगितलं तरी लेखी किंवा डॉक्टर समोर असल्याशिवाय नाही.

लॅटरलमध्ये तीन रेषा सलग जायला हव्यात : मणक्यांच्या पुढच्या कडेची, मागच्या कडेची आणि मज्जारज्जूच्या पोकळीमागची. मणक्यांपुढच्या मऊ भागाची जाडी वरच्या मणक्यांसमोर ७ मिलिमीटरच्या आत आणि खालच्यांसमोर साधारण मणक्याच्या रुंदीएवढी असते. तिथे सूज दिसली तर भेग शोधा. आजकाल मोठ्या अपघातातल्या प्रौढांसाठी थेट सीटी करतात, कारण साध्या एक्स-रेतून फ्रॅक्चर निसटतात. तरी लॅटरल वाचता आलं पाहिजे. सीटीच्या पडद्यावरही याच रेषा लागतात.

ट्रॉमा रूममध्ये आमचा क्रम कुठे लागतो?

तिथे श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू आणि मग उघडं करून तपासणं, या क्रमाने काम चालतं. आधी रुग्ण जिवंत ठेवायचा, मग हाडं. म्हणून छाती आणि ओटीपोट पहिले. बोटाचं फ्रॅक्चर उद्याही तसंच असेल.

ओटीपोटाला बांधलेला पट्टा सोडायचा नाही. तो आतला रक्तस्राव दाबून धरत असतो. पट्टा बांधलेला असताना कडं जागेवर बसलेलं असू शकतं, म्हणून नॉर्मल दिसणाऱ्या फिल्मवरही "पट्टा बांधून" असं लिहा. छातीचा एक्स-रे उताण्या अवस्थेत काढलेला असतो, त्यामुळे फुप्फुसाबाहेरची हवा वर टोकाला न जाता पुढे आणि खाली साचते. एका बाजूचा डायफ्रामजवळचा कोन विलक्षण खोल आणि काळा दिसला, तर ताबडतोब डॉक्टरांना हाक मारा. ताणलेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा कोंडून दाब वाढणं) मात्र एक्स-रेची वाट बघत नाही. डॉक्टर तपासूनच सुई घालतात. तुम्ही कॅसेट घेऊन उभे असाल तर बाजूला व्हा.

त्याच वेळी कुणीतरी सोनोग्राफीचा प्रोब घेऊन आलेलं असतं. यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधे, प्लीहेजवळ, ओटीपोटात आणि हृदयाभोवती मोकळं द्रव आहे का, एवढंच ते बघतात. त्याला फास्ट म्हणतात. हाडांबद्दल ते काही सांगत नाही.

मग सीटी कधी आणि एमआरआय कधी?

सीटी वेगवान आहे. मोठ्या अपघातात डोक्यापासून ओटीपोटापर्यंत काही मिनिटांत दिसतं, आणि टिबियाचं पठार, टाच, ॲसिटॅब्युलम (खुब्याची वाटी) अशा गुंतागुंतीच्या सांध्यांत शस्त्रक्रियेआधी तुकडे मोजता येतात. हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू १९७१ साली लंडनमध्ये स्कॅन झाला. सीटीतले आकडे त्यांच्याच नावाने ओळखतात : पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, ताजं गोठलेलं रक्त ५० ते ७० च्या घरात, टणक हाड हजाराच्या आसपास आणि वर. म्हणूनच ताजा रक्तस्राव मेंदूच्या सीटीत पांढरा दिसतो. आणि म्हणूनच एकच स्कॅन हाडाच्या विंडोत आणि मेंदूच्या विंडोत (विंडो म्हणजे पडद्यावर दाखवायच्या आकड्यांचा पट्टा) दोनदा बघावा लागतो.

एमआरआय मऊ भागांचं : लिगामेंट, मज्जारज्जू, मज्जेतली सूज. किरणोत्सर्ग नाही, पण वेळ लागतो आणि धातू चालत नाही. बेशुद्ध रुग्णाच्या अंगात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे घाईत आत नेऊ नका. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हा प्रश्न लोहाराइतकाच घरी ग्राइंडर वापरणाऱ्यालाही विचारायचा.

एवढे एक्स-रे काढल्यावर रुग्णाला किती डोस बसतो?

जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला साधारण २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. छातीचा एक एक्स-रे ०.०२ च्या आसपास, हातापायाचा त्याहून बराच कमी. डोक्याची सीटी २ च्या आसपास, पोटाची सीटी त्याच्या काही पट. म्हणजे एका मनगटाचा तिसरा व्ह्यू काढायला घाबरू नका, पण निष्कारण सीटी पुन्हा काढण्यापूर्वी जुनी सापडते का ते बघा.

तुमच्यासाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. डोस मोजणारा बॅज रोज लावा, ॲप्रन घातला असेल तर ॲप्रनच्या आत. रुग्णाला धरायला रेडिओग्राफरने उभं राहायचं नाही. आधी पट्टे, वाळूच्या पिशव्या, फोम, मग नातेवाईक, तोही ॲप्रन घालून.

जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवायची सवय मात्र बदलतेय. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ साली तो सरसकट वापरू नये असं जाहीर केलं, कारण तो बऱ्याचदा चुकीच्या जागी पडतो, नेमकं फ्रॅक्चर झाकतो आणि ऑटोमॅटिक एक्सपोजरच्या सेन्सरवर आला तर डोस वाढवतो. तुमच्या विभागाचा नियम काय आहे ते विचारून घ्या.

गरोदर असेल तर?

विचारा, नोंद करा, डॉक्टरांना कळवा. मनगट-घोट्याच्या एक्स-रेत किरण पोटाजवळ जातच नाही, त्यामुळे तो रोखायचं कारण नाही. जिवावरच्या ट्रॉमात आईला वाचवणं आधी.

लहान मुलाची दुखापत आणि सांगितलेली हकिकत जुळत नाही असं वाटलं तर?

१९४६ साली जॉन कॅफी यांनी डोक्यात रक्तस्राव झालेल्या काही अर्भकांच्या लांब हाडांत फ्रॅक्चर दिसल्याचं मांडलं, तेव्हापासून रेडिओग्राफी या विषयात साक्षीदाराच्या जागी आहे. न चालणाऱ्या बाळाची मांडी मोडलेली, बरगड्या पाठीमागे मणक्याजवळ मोडलेल्या, लांब हाडाच्या टोकाला कोपऱ्यातला चपटा तुकडा, वेगवेगळ्या टप्प्यांवर भरून येणारी फ्रॅक्चर : अशा वेळी वरिष्ठांना आणि डॉक्टरांना शांतपणे सांगा. पालकांना काहीही विचारू नका, सुनावू तर अजिबात नका. पूर्ण सांगाड्याचे एक्स-रे मागवले तर एकाच फिल्मवर अख्खं बाळ घेऊन काम उरकायचं नाही. प्रत्येक भाग वेगळा आणि तंतोतंत लागतो. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतील, कारण ताजं बरगडीचं फ्रॅक्चर कॅलस (भरून येणारं नवं हाड) आल्यावरच दिसतं.

रुग्ण विचारतो, "मोडलंय का हो?" काय सांगू?

खोटं बोलू नका आणि निदानही देऊ नका. "फोटो नीट आलेत, डॉक्टर बघून सांगतील." हे वाक्य प्रत्येकाला, त्याच सुरात म्हणायची सवय लावा. नाहीतर ज्याला फ्रॅक्चर नाही त्याच्याशी तुम्ही हसून बोलता आणि ज्याला आहे त्याच्याशी खाली बघून, आणि रुग्णाला तेवढं पुरतं. डॉक्टरांना मात्र लगेच कळवा. काही ठिकाणी रेडिओग्राफर शंकास्पद फिल्मवर लाल ठिपका लावतात, काही ठिकाणी चिठ्ठी लिहितात. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल, तरी तोंडाने सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्लास्टरवरून एक्स-रे काढताना किती वाढवू?

लहान ते मध्यम प्लास्टरला ५ ते ७ केव्ही, मोठ्याला ८ ते १०, फायबर ग्लासला ३-४. तासाभरापूर्वीच घातलेलं ओलं प्लास्टर असेल तर आणखी थोडं, आणि ते टेबलाच्या कडेवर टेकवू नका, खळगा पडतो.